व्हिडिओ चाहतीचा, गाणं तुमचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी स्वतः गाणी लिहिते, चाल लावते आणि गाते. कुठलीही कंपनी पाठीशी नाही. दोन वर्षांपूर्वी एका डिस्ट्रिब्युटरमार्फत एक गाणं सगळ्या ॲप्सवर टाकलं. त्याची बीट, म्हणजे गाण्यामागचं तयार वाद्यसंगीत, एका वेबसाइटवरून विकत घेतली होती आणि ध्रुवपद एका मैत्रिणीबरोबर बसून लिहिलं होतं. तेव्हा गाणं फारसं कुणी ऐकलं नाही. मग एका मुलीने आपल्या प्रवासाच्या व्हिडिओला ते लावलं आणि तो व्हिडिओ चार लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला. पाठोपाठ नाचाचे, चित्रं काढतानाचे, गाणं हळू करून लावलेले कितीतरी व्हिडिओ आले. त्यांवर जाहिराती दिसतात, पण मला एक पैसाही आलेला नाही. शिवाय मध्यंतरी डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर 'यूट्यूबमधून कमाई' असा एक चौकोन दिसला, तो टिक करू का हेही कळत नाही. एक मित्र म्हणतो, सगळ्यांना कॉपीराइट स्ट्राइक मार. दुसरा म्हणतो, फुकट प्रसिद्धी मिळतेय, गप्प बस. मी काय करू? आणि जिच्यामुळे गाणं लोकांपर्यंत गेलं, तिच्याच व्हिडिओतून पैसे घेणं बरं दिसेल का?"

उत्तर:

दोन्ही मित्रांचं म्हणणं बाजूला ठेवा. व्हिडिओ उतरवायचाही नाही आणि फुकट सोडायचाही नाही, असा तिसरा मार्ग आहे. व्हिडिओ जागेवर राहतो, त्या मुलीच्या चॅनेलला धक्का लागत नाही आणि त्यावरच्या जाहिरातींचं उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे वळतं. पण तुमच्या गाण्याचा मालक कोण, हेच अजून पक्कं नाही. विकत घेतलेली बीट आणि मैत्रिणीबरोबर लिहिलेलं ध्रुवपद, या दोन गोष्टी तुम्ही पत्रात जाता जाता सांगितल्यात. मला त्या चार लाख व्ह्यूजपेक्षा महत्त्वाच्या वाटल्या. तो चौकोन आज टिक करू नका. का, ते सांगते.

आधी यंत्रणा समजून घ्या. यूट्यूबने २००७ मध्ये कंटेंट आयडी नावाची व्यवस्था सुरू केली. गाण्याची मूळ फाइल तिथे नोंदवली की तिच्या आवाजाचा एक ठसा तयार होतो आणि चढणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशाशी ताडून पाहिला जातो. आधीपासून असलेले व्हिडिओही तपासले जातात. जुळणी झाली की गाण्याच्या मालकाने आधी सांगून ठेवलं असेल तसं होतं: व्हिडिओ अडवला जातो, किंवा तो कोण पाहतंय याची फक्त नोंद राहते, किंवा त्यावरच्या जाहिरातींचं उत्पन्न मालकाकडे जातं. यूट्यूबने स्वतः जाहीर केलेल्या अहवालांनुसार नव्वद टक्क्यांहून जास्त दाव्यांत मालक हा तिसरा पर्याय घेतात. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यासुद्धा चाहत्यांचे व्हिडिओ पाडत बसत नाहीत, त्यांतून कमावतात.

या व्यवस्थेत थेट शिरकाव मात्र मोठा संग्रह असणाऱ्यांनाच मिळतो. एकट्या गायिकेला डिस्ट्रिब्युटरमार्फतच जावं लागतं, आणि तुम्हाला दिसलेला चौकोन त्याचाच आहे. गाणं ॲप्सवर टाकलं म्हणजे ही सोय आपोआप सुरू होत नाही. बऱ्याच ठिकाणी ती वेगळी मागावी लागते. तुम्हाला आजवर काही मिळालं नाही, याचं साधं कारण हेच असणार. डिस्ट्रिब्युटर यातून आपला वाटा कापतात. वीस टक्के घेणारे आहेत, तीस टक्के घेणारेही आहेत, आणि काहींची वर्षाकाठी वेगळी फी असते. टक्केवारीवरून फार घासाघीस करू नका. तक्रारींना वेळेवर उत्तर देणारा डिस्ट्रिब्युटर पाच टक्के जास्त घेत असला तरी परवडतो.

आता बीटबद्दल. वेबसाइटवर स्वस्तात मिळणाऱ्या बीट्स बहुतेक वेळा 'लीज'वर असतात. तुम्ही पैसे दिलेत ते वापरण्याच्या परवानगीचे. मालकी बनवणाऱ्याकडेच राहते आणि तीच बीट तो आणखी कितीही जणांना देऊ शकतो. कंटेंट आयडीची पहिली अट अशी की नोंदवलेल्या आवाजावर तुमचा एकट्याचा हक्क हवा. लीजवरची बीट, सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहातले लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे) आणि साउंड इफेक्ट असलेलं रेकॉर्डिंग तिथे चालत नाही. तुम्ही तो चौकोन टिक केलात तर काय होईल पाहा. तीच बीट घेऊन गाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्यावर तुमच्या नावाने दावा लागेल. तो हरकत घेईल, बीटवाला तक्रार करेल, डिस्ट्रिब्युटर तुमची नोंद काढून टाकेल. असं वारंवार झालं तर तुमचं खातंच बंद करण्याचा हक्क तो करारात राखून ठेवतो. जाहिरातींच्या थोड्या पैशांसाठी सगळी गाणी धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

म्हणून बीट घेताना आलेली ईमेल आणि तिच्याबरोबरचा परवाना शोधून काढा आणि शब्द न् शब्द वाचा. 'नॉन-एक्सक्लुझिव्ह' (म्हणजे इतरांनाही देता येणारी) लिहिलंय का, कंटेंट आयडीचा उल्लेख आहे का (अनेक परवान्यांत तो स्पष्ट मनाईच्या रूपात असतो), किती व्ह्यूजपर्यंत किंवा किती वर्षांपर्यंत परवानगी आहे, आणि शब्द व चालीच्या हक्कात बीटवाल्याने वाटा मागितलाय का, हे पाहा. या शेवटच्या कलमाकडे कुणी लक्ष देत नाही. बीट बनवणारा रचनेत निम्म्यापर्यंतही वाटा मागतो आणि तो मागणं या धंद्यात रीतसर आहे. व्ह्यूजची मर्यादा ओलांडली असेल तर परवाना वाढवून घ्यावा लागेल. ते आधी करा, गुपचूप राहू नका.

परवाना लीजचाच निघाला तर दोन वाटा उरतात. एक, बीटवाल्याला लिहून एक्सक्लुझिव्ह हक्क विकत घ्यायचा. पण त्याने आधी दिलेले परवाने बहुधा चालूच राहतात, त्यामुळे बीट याआधी किती जणांना दिली हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. वीस जणांनी ती वापरली असेल तर एक्सक्लुझिव्ह हक्क घेऊनही कंटेंट आयडीचा गुंता सुटत नाही. दुसरी वाट मला जास्त पसंत आहे. शब्द आणि चाल तुमची आहे, तर त्याच चालीवर वाद्यमेळ नव्याने बांधून घ्या, पुन्हा गा आणि ते नवं रेकॉर्डिंग म्हणून प्रसिद्ध करा. ज्या वादकांना बोलवाल त्यांच्याकडून रेकॉर्डिंगचा हक्क तुमच्याकडे राहील असं लिहून घ्या. चाल बीटवर बेतलेली असेल तर बीटमधली ओळखीची सुरावट नव्या वाद्यमेळात जशीच्या तशी उतरू देऊ नका. नव्या रेकॉर्डिंगला नवा बारा अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगची स्वतंत्र ओळख) मिळेल आणि ते संपूर्ण तुमचं असेल. जुन्या व्हिडिओंतला आवाज त्याने पकडला जाणार नाही, हे खरं आहे. पण लोकांना गाणं आवडलंय, व्हिडिओ अजून बनतायत, आणि पुढचे व्हिडिओ नव्या रेकॉर्डिंगवर यावेत यासाठी तुम्ही पुष्कळ काही करू शकता.

हे इतकं लांबण लावून सांगतेय, कारण गाणं चाललं की त्यातली प्रत्येक उसनी गोष्ट वर येते. २०१३ च्या फेब्रुवारीतलं 'हार्लेम शेक'चं उदाहरण घ्या. बाउर या निर्मात्याचं हे वाद्यसंगीत आदल्या वर्षी फुकट डाउनलोडसाठी ठेवलेलं होतं. त्यावर लोकांनी छोट्या नाचाचे हजारो व्हिडिओ बनवले. ते काढणाऱ्या कंपनीने, म्हणजे लेबलने, ते व्हिडिओ पाडले नाहीत, त्यांवर दावे लावून जाहिरातींचं उत्पन्न घेतलं. त्याच आठवड्यांत बिलबोर्ड या संगीत मासिकाने अमेरिकेतले यूट्यूब व्ह्यूज आपल्या मुख्य यादीत मोजायला सुरुवात केली आणि ही धून थेट पहिल्या क्रमांकावर आली. त्यात अधिकृत व्हिडिओपेक्षा चाहत्यांनी बनवलेल्या व्हिडिओंचा हात मोठा होता. आणि तेव्हाच दोन जण पुढे आले. धुनेत ऐकू येणारे दोन आवाज त्यांचे होते आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग बोलणी, वकील, वाटाघाटी. गाणं कुणाच्या कानावर नव्हतं तोवर हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

मैत्रिणीचंही तेच. गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात आणि नवे संगीतकार नेहमी एकच धरतात. एक हक्क रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. प्रवासाच्या व्हिडिओला तुमचंच रेकॉर्डिंग लावलंय, तेव्हा तिथे दोन्ही हक्क लागतात. कुणी स्वतः गिटार घेऊन तुमचं गाणं गायलं तर रेकॉर्डिंग त्याचं असतं, रचना मात्र तुमची राहते. मैत्रिणीने ध्रुवपद लिहिलं असेल तर रचनेत तिचा वाटा आहे, रेकॉर्डिंगमध्ये बहुधा नाही. किती वाटा, हे तुम्ही दोघींनी ठरवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. एका कागदावर गाण्याचं नाव, दोघींची पूर्ण नावं, कुणाचे किती टक्के, तारीख, दोघींच्या सह्या. धंद्यात याला स्प्लिट शीट म्हणतात. पैसे शून्य असताना हा कागद हसत-खेळत होतो. आकडे दिसायला लागले की तोच कागद मैत्रीवर येतो, म्हणून याच आठवड्यात तिला फोन करा.

रचनेचे पैसे वेगळ्या वाटेने येतात, हेही ध्यानात ठेवा. डिस्ट्रिब्युटरचा कंटेंट आयडी साधारणपणे रेकॉर्डिंगचा दावा लावतो. शब्द आणि चालीचा वाटा मिळवायला रचनाकारांचे हक्क वसूल करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व आणि यूट्यूबवरच्या रचनेच्या हक्कांसाठी पब्लिशिंग ॲडमिनिस्ट्रेशनची, म्हणजे रचनेचे पैसे तुमच्या वतीने गोळा करणारी, सेवा लागते. काही डिस्ट्रिब्युटर ही सेवाही देतात. लोक तुमचं गाणं स्वतः गाऊन टाकायला लागले असतील तर हे लगेच करा, कारण त्या व्हिडिओंमधून तुम्हाला मिळण्यासारखं जे आहे ते रचनेच्याच हक्कातून. नसतील तर महिना-दोन महिने थांबलं तरी चालेल.

समजा बीट आणि स्प्लिट शीट, दोन्ही मार्गी लागलं. मग कंटेंट आयडी सुरू करा, पण एकाच डिस्ट्रिब्युटरकडून. एकच रेकॉर्डिंग दोन ठिकाणांहून नोंदवलं की मालकीचा वाद म्हणून नोंद अडकते आणि पैसे कुणालाच मिळत नाहीत. त्याच वेळी तुमचा स्वतःचा चॅनेल मोकळ्या यादीत, म्हणजे ज्यांवर दावा लागत नाही अशा चॅनेलांच्या यादीत, टाकायला सांगा. नाहीतर तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच गाण्याचा दावा लागेल आणि तुम्ही घाबरून जाल. तसं झालंच तर चोरी झालेली नसते, डिस्ट्रिब्युटरने तुमच्या वतीने लावलेला तो दावा असतो. एका ईमेलने सुटतो.

आणि चालढकल करू नका, कारण मोकळ्या सोडलेल्या गाण्यांवर दुसऱ्यांचा डोळा असतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या दोघांनी २०१७ पासून पन्नास हजारांहून जास्त गाण्यांचे हक्क आपल्याकडे आहेत असं खोटं सांगून त्यांवर दावे लावले आणि चार वर्षांत दोन कोटी डॉलरहून जास्त पैसे उचलले. गाणी मुख्यतः लॅटिन कलाकारांची होती, ज्यांच्यावर कुणी दावा लावलेला नव्हता. पुढे खटला झाला, शिक्षाही झाली. त्यामुळे "तुमच्या चाहत्यांच्या व्हिडिओंतले पैसे काढून देतो, फक्त हक्क आमच्या नावावर करा" असे संदेश आले तर उत्तरही देऊ नका. हक्क तुमच्याच नावावर ठेवून वसुली करणारी सेवा असते. हक्कच मागणारा वेगळं काहीतरी मागत असतो.

दावा आणि स्ट्राइक यांतला फरक तुमच्या पहिल्या मित्राला समजावून सांगा. कंटेंट आयडीचा दावा त्या एका व्हिडिओपुरता असतो. स्ट्राइक म्हणजे कायदेशीर मागणी करून व्हिडिओ उतरवणं. तो चॅनेलवर बसतो, आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतो, त्यावरचे सगळे व्हिडिओ जातात. तुमचं गाणं आवडलं म्हणून ते लावणाऱ्या माणसाची वर्षांची मेहनत पुसून टाकण्याइतका त्याचा अपराध नाही. स्ट्राइक राखून ठेवा तो वेगळ्या लोकांसाठी: तुमचं गाणं स्वतःचं म्हणून चढवणारे, किंवा द्वेष पसरवणाऱ्या व्हिडिओला ते लावणारे. तिथे मात्र अजिबात हात आखडू नका.

दावा लागल्यावर समोरचा हरकत घेऊ शकतो. त्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. उत्तर दिलं नाही तर दावा आपोआप सुटतो. हरकत आल्याचं डिस्ट्रिब्युटर ईमेलने कळवतो आणि ती ईमेल इतर जाहिरातींच्या ढिगात हरवते, तेव्हा तिच्यासाठी मेलमध्ये वेगळा फोल्डर करा. हरकत वाचा, मग ठरवा. कुणी गाण्यावर समीक्षा करताना त्याचे चार सेकंद ऐकवले असतील तर दावा सोडून द्या. छोट्याशा तुकड्यासाठी पूर्ण व्हिडिओचे पैसे घेणं मला पटत नाही. २०१९ मध्ये यूट्यूबनेही हाताने लावलेल्या दाव्यांबाबत असा नियम केला, की काही सेकंदांच्या किंवा मागे सहज वाजलेल्या संगीतासाठी व्हिडिओवाल्याचं उत्पन्न घेता येणार नाही.

सगळंच पकडलं जाईल असंही नाही. गाणं हळू करून, वेग वाढवून किंवा सूर बदलून लावलं की ठसा जुळेलच असं नाही. तुमच्या पत्रात हळू केलेल्या गाण्याचा उल्लेख आहे, त्यावर तक्रारीपेक्षा चांगला उपाय आहे. चाहत्यांना जे रूप आवडलंय ते तुम्हीच काढा. नवं रेकॉर्डिंग करणारच आहात, तर त्याच बैठकीत हळू केलेली, रिव्हर्ब (घुमणारा आवाज) असलेली एक आवृत्ती आणि फक्त वाद्यांची एक आवृत्ती तयार करून तिन्ही एकत्र प्रसिद्ध करा. लोक इतरांनी बदललेली फाइल वापरतात ते बहुतेकदा अधिकृत फाइल सापडत नाही म्हणून.

छोट्या उभ्या व्हिडिओंचा हिशोब निराळा आहे. यूट्यूब शॉर्ट्सवर २०२३ च्या फेब्रुवारीपासून जाहिरातींचं उत्पन्न एका सामायिक निधीत जमा होतं. शॉर्टमध्ये एक गाणं असेल तर त्या व्ह्यूजच्या उत्पन्नाचा अर्धा भाग संगीताच्या परवान्यांकडे जातो आणि अर्धा व्हिडिओवाल्यांच्या निधीत. दोन गाणी असतील तर संगीताकडे दोन तृतीयांश. गंमत अशी की व्हिडिओवाल्याला निधीतल्या आपल्या हिश्शाचे पंचेचाळीस टक्केच मिळतात, मग त्याने गाणं वापरलेलं असो वा नसो. म्हणजे तुमचं गाणं लावून व्हिडिओवाल्याचं नुकसान होत नाही, हे चाहत्यांना सांगण्यासारखं आहे. टिकटॉकवर किती जणांनी व्हिडिओ पाहिला यापेक्षा गाण्यावर किती नवे व्हिडिओ बनले याला महत्त्व असतं, असं डिस्ट्रिब्युटर सांगत आलेत. तिथे आणि इन्स्टाग्रामवर एक गोष्ट सारखीच आहे: ॲपच्या संग्रहातून तुमचं गाणं निवडलं तर हिशोब तुमच्या नावावर होतो. कुणी गाणं आपल्या व्हिडिओतच मिसळून 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून टाकलं आणि बाकीच्यांनी तिथून उचललं, तर तो धागा तुमच्यापासून तुटतो. म्हणून गाणं या ॲप्सच्या संग्रहात आहे ना आणि त्याचा कुठला तुकडा तिथे ऐकू येतो, हे आजच तपासा. लोक ध्रुवपदावर नाचत असतील आणि संग्रहातला तुकडा पहिल्या कडव्याचा असेल तर ते तो घेणार नाहीत. कित्येक डिस्ट्रिब्युटर तुकड्याची सुरुवात निवडू देतात.

आता तुमचा खरा प्रश्न. त्या मुलीच्या व्हिडिओतून पैसे घेणं बरं दिसेल का? (तिच्या व्हिडिओत जुनं रेकॉर्डिंग आहे, तेव्हा त्यावर दावा लावता येईल तो बीटचा हक्क तुमचा एकट्याचा निघाला तरच.)

आधी तिचा चॅनेल कमाई करतो का, ते पाहा. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला किमान एक हजार सबस्क्राइबर आणि त्याबरोबर वर्षभरात चार हजार तास पाहणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. तिचा चॅनेल त्याखाली असेल तर तिला त्या व्हिडिओतून काहीच मिळत नाहीये. यूट्यूब अशा व्हिडिओंवरही जाहिराती दाखवू शकतं. अशा वेळी तुम्ही दावा लावला तर तिच्या हातातलं काही जात नाही. निःशंक मनाने लावा.

ती कमवत असेल तर माझं मत वेगळं आहे. तो एक व्हिडिओ मी मोकळा सोडला असता. तिने वाट दाखवली आणि तिचं चित्रीकरण, संकलन, निवड यांत मेहनत आहे. दाव्यामुळे त्या व्हिडिओच्या जाहिरातींचं उत्पन्न तिच्याकडून तुमच्याकडे येतं, आणि लांब व्हिडिओंवर यात वाटणी करायची सोय सगळीकडे नाही. तेव्हा दावा लागायच्या आधीच तिला लिहा. तुमचं नाव, गाणं तुमचं असल्याचं, व्हिडिओ आवडल्याचं सांगा. पुढे गाण्यावर आपोआप दावे लागतील, पण तुझा हा व्हिडिओ मी मोकळा ठेवणार आहे, बदल्यात वर्णनात माझं नाव आणि गाण्याचा दुवा टाक, असं स्पष्ट सांगा. नव्या आवृत्तीवर तिने दुसरा व्हिडिओ केला तर तिचा चॅनेल वर्षभरासाठी मोकळ्या यादीत ठेवा. ती मुलगी तुमच्या गाण्याची पहिली खरी प्रसारक आहे. तिच्याशी जोडलेलं नातं जाहिरातींच्या पैशांपेक्षा जास्त टिकेल.

बाकीच्यांसाठी तुमच्या चॅनेलवर आणि प्रोफाइलवर साध्या भाषेत चार ओळी लिहून ठेवा. गाण्यावर व्हिडिओ जरूर बनवा, यूट्यूबवर दावा आला तर घाबरू नका, चॅनेलला स्ट्राइक येणार नाही, जाहिरातींचं उत्पन्न गाण्याकडे येईल, आणि कुठल्या कंपनीच्या जाहिरातीसाठी वापरायचं असेल तर आधी विचारा. या ओळी आधी वाचलेल्या माणसाला दावा आल्यावर राग येत नाही. न सांगता आलेला दावा मात्र त्याला दगा वाटतो.

शेवटच्या ओळीतली कंपनीची अट नुसती लिहायला म्हणून नाही. कंपनीशिवाय काम करणाऱ्यांच्या हाती चाहत्यांच्या व्हिडिओंमधून बरी रक्कम येते ती बहुतेकदा याच दारातून. गाणं व्हिडिओंतून फिरायला लागलं की पैसे घेऊन वस्तूंची शिफारस करणारे लोक आणि दुकानंही ते लावतात. चाहत्याने हौसेने लावणं वेगळं आणि विक्रीसाठी लावणं वेगळं. ॲप्सच्या संग्रहांचे परवाने व्यावसायिक वापराला पुरत नाहीत, म्हणूनच तिथे कंपन्यांच्या खात्यांना मोजकंच संगीत दिसतं. कंपनीला तुमचं गाणं हवं असेल तर तिने तुमच्याकडून थेट परवाना घ्यायला हवा. कुठला व्हिडिओ, कुठल्या ॲप्सवर, किती महिने, कुठल्या देशांत, आणि पैसे भरून तो जाहिरात म्हणून चालवणार का, या पाच गोष्टी लिहून घेतल्याशिवाय रक्कम सांगू नका. महिने आणि देश वाढले की रक्कम वाढते. शब्द आणि चालीसाठी एक, रेकॉर्डिंगसाठी एक असे दोन परवाने द्यावे लागतात. दोन्ही तुमच्याकडे असल्याने एकाच पत्रात देता येतील, पण रचनेतला मैत्रिणीचा वाटा तिला द्यावा लागेल आणि तिची संमतीही लागेल. आठवड्यातून एकदा गाण्याचं नाव शोधून अशी किती खाती ते वापरतायत ते पाहा. विचारणा सौम्य ठेवा. बहुतेकांनी अज्ञानाने लावलेलं असतं आणि रीतसर पत्र आलं की ते बोलायला तयार होतात.

जाहिरातींच्या उत्पन्नावर फार आशा ठेवू नका. चार लाख व्ह्यूजचे किती, याला एक आकडा नाही. प्रेक्षक कुठल्या देशातले, व्हिडिओ किती लांब, वर्षाचा कुठला महिना, यावर दर हलतात. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत ते चढतात आणि जानेवारीत उतरतात. एका व्हिडिओतून घरभाडं निघत नाही. पुष्कळ व्हिडिओंतून मिळून पुढच्या रेकॉर्डिंगचा खर्च निघू शकतो. आणि एक कटू गोष्ट आता ऐकून ठेवा: दावा लागतो त्या दिवसापासूनचे पैसे येतात, मागचे साधारणपणे येत नाहीत. आजवरच्या व्ह्यूजचं जे झालं ते झालं. त्यासाठी कुणाशी भांडू नका.

पहिला हिशोब हाती यायला दावा लागल्यापासून काही महिने जातात. तो आला की यूट्यूब, शॉर्ट्स, टिकटॉक, इन्स्टाग्राम असे रकाने वेगळे करा आणि देशांची यादी पाहा. जिथून व्ह्यूज येतायत ते देश तुमच्या अंदाजापेक्षा वेगळे निघाले तर वर्णनातले गाण्याचे शब्द तिथल्या भाषेत अनुवाद करून टाका. आकडा शून्य दिसला तर डिस्ट्रिब्युटरला एकच प्रश्न विचारा: माझ्या आयएसआरसी क्रमांकावर किती दावे चालू आहेत? उत्तर 'एकही नाही' असं आलं, तर नोंद कुठल्यातरी वादात अडकली असू शकते, आणि नेमकं काय झालंय ते त्यांनी तुम्हाला लेखी सांगायला हवं.